एन्झाइम इलेक्ट्रोडवर बसवताना: बायोसेन्सर आणि जैवइंधन घटाचे काम नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

शोधनिबंधात ही कृती दोन ओळींत संपते: एन्झाइमच्या द्रावणाचा थेंब इलेक्ट्रोडवर टाकला, वाळवला, बफरने धुतला आणि मापन केले. माझा पहिला ग्लुकोज सेन्सर याच दोन ओळींवरून तयार झाला होता. ग्लुकोज टाकले की विद्युतप्रवाह छान वाढत असे, आणि सेन्सर तयार झाला अशी माझी कित्येक दिवस समजूत होती. पुढे लक्षात आले की एन्झाइम इलेक्ट्रोडवर राहिलेलेच नव्हते. ते सुटून भोवतालच्या बफरमध्ये गेले होते, तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करत होते, आणि इलेक्ट्रोड ते पेरॉक्साइड इमानाने मोजत होता. पुढील टप्पे लिहिताना असे चकवे कुठे दडलेले असतात याकडे मी मुद्दाम अधिक लक्ष दिले आहे, कारण कृती कुठेही मिळते, पण ती का फसली हे सहसा कोणी लिहून ठेवत नाही.

१. आधी इलेक्ट्रॉनचा मार्ग ठरवा

नवखा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो एन्झाइम कशाने चिकटवायचे हा. त्याआधीचा प्रश्न असा आहे की एन्झाइमच्या क्रियाकेंद्रातून निघालेला इलेक्ट्रॉन इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचणार कसा. याचे तीन मार्ग आहेत आणि बसवण्याची पद्धत त्यांवरूनच ठरते.

पहिल्या मार्गात इलेक्ट्रोड एन्झाइमशी थेट व्यवहार करत नाही, तर अभिक्रियेत तयार झालेला किंवा खर्ची पडलेला पदार्थ मोजतो. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजचे ऑक्सिडीकरण करताना ऑक्सिजन वापरते आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते. प्लॅटिनमवर, सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड संदर्भ इलेक्ट्रोडच्या तुलनेत ०.६ ते ०.७ व्होल्ट विभव दिले की ते पेरॉक्साइड मोजता येते. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ मध्ये मांडलेली एन्झाइम इलेक्ट्रोडची मूळ कल्पना याच जातीची होती. त्यात एन्झाइमने वापरलेला ऑक्सिजन मोजायचा होता. हा मार्ग सर्वांत सोपा आहे आणि पहिला इलेक्ट्रोड याच मार्गाने करावा असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या मार्गात मध्यस्थ रेणू इलेक्ट्रॉनची ने-आण करतो. फेरोसीनची संयुगे आणि ऑस्मियमची संकुले जोडलेले बहुवारिक (पॉलिमर) ही त्याची नेहमीची उदाहरणे आहेत. येथे एन्झाइमइतकाच मध्यस्थही जागेवर राहणे आवश्यक असते, आणि सेन्सर कालांतराने मंदावला तर दोष बहुधा एन्झाइमला दिला जातो, पण निसटलेला असतो मध्यस्थ.

तिसरा मार्ग थेट इलेक्ट्रॉन-हस्तांतरणाचा आहे. तो मोहक आहे आणि सर्वांत जास्त फसवणूक याच मार्गावर होते. प्रथिनाच्या आत दोन ऑक्सिडीकरण-क्षपण केंद्रांमधील अंतर साधारण १.४ नॅनोमीटरपेक्षा जास्त झाले की इलेक्ट्रॉनची उडी उपयोगी वेगाने होत नाही. लॅकेज आणि बिलिरुबिन ऑक्सिडेज या तांबेयुक्त एन्झाइम्समध्ये इलेक्ट्रॉन स्वीकारणारे तांबे पृष्ठभागाजवळ असते, त्यामुळे तिथे हा मार्ग खरोखर चालतो. ग्लुकोज ऑक्सिडेजमधील फ्लेविन (इलेक्ट्रॉन धरणारा छोटा सहघटक) मात्र प्रथिनात खोलवर आहे. कार्बन नॅनोट्यूबवर किंवा ग्राफीनवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवल्यावर पीएच ७ ला उणे ०.४५ व्होल्टच्या आसपास एक सुबक शिखरजोडी (विभव पुढे-मागे बदलताना प्रवाहाच्या आलेखात उमटणारी दोन टोके) दिसते आणि तिलाच थेट हस्तांतरणाचा पुरावा मानण्याचा मोह होतो. पण एन्झाइममधून सुटून कार्बनला चिकटलेले फ्लेविनही नेमके तिथेच शिखर देते. म्हणून ऑक्सिजन पूर्ण काढून टाकलेल्या द्रावणात ग्लुकोज टाकल्यावर ऑक्सिडीकरणाचा प्रवाह वाढतो का, एवढीच कसोटी खरी माना. तो वाढत नसेल तर शिखरजोडी कितीही देखणी असली तरी तिचा उपयोग नाही.

२. साहित्य जमवा

उपकरणांत पोटेन्शिओस्टॅट (ठरवलेले विभव देऊन प्रवाह मोजणारे यंत्र), कार्यकारी इलेक्ट्रोड (३ मिलिमीटर व्यासाचा ग्लासी कार्बन, सोने किंवा प्लॅटिनम), प्लॅटिनमच्या तारेचा सहायक इलेक्ट्रोड, संदर्भ इलेक्ट्रोड, चुंबकीय ढवळणी, नायट्रोजन किंवा आर्गॉनची सोय, मायक्रोपिपेट आणि एन्झाइमची क्रियाशीलता तपासण्यासाठी स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. घासण्यासाठी १, ०.३ आणि ०.०५ मायक्रॉनची ॲल्युमिना पूड व प्रत्येकीसाठी वेगळी घासण्याची गादी ठेवा. गाद्यांची अदलाबदल झाली की बारीक पुडीच्या गादीत जाड कण येतात आणि शेवटच्या पॉलिशला ओरखडे पडतात.

रसायनांत एन्झाइम, बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन, ग्लुटराल्डिहाइड, फॉस्फेट बफर, पोटॅशियम फेरिसायनाइड, पोटॅशियम क्लोराइड आणि सब्सट्रेट (एन्झाइम ज्यावर काम करते तो पदार्थ, येथे ग्लुकोज) एवढ्यावर पहिला इलेक्ट्रोड होतो. ग्लुटराल्डिहाइडची वाफ डोळ्यांना आणि श्वसनमार्गाला त्रासदायक असते, म्हणून ते धूरकपाटातच, हातमोजे घालून हाताळावे.

बाटलीवरील लेबल शेवटपर्यंत वाचा. विकत मिळणाऱ्या एन्झाइमच्या पुडीत केवळ एन्झाइम नसते. बफरचे क्षार, साखरेसारखे स्थैर्य देणारे पदार्थ, कधी अमोनियम सल्फेट, आणि द्रवरूप एन्झाइममध्ये कधी सोडियम ॲझाइडही असते. ॲझाइड तांबेयुक्त एन्झाइम्सना रोखते, आणि अमोनियम क्षार किंवा ट्रिस बफर असेल तर पुढे सांगितलेले रासायनिक जोडकाम एन्झाइमऐवजी त्यांच्यावरच खर्च होते. शंका असेल तर डायलिसिस करून किंवा क्षार काढणाऱ्या छोट्या स्तंभातून नेऊन एन्झाइम आधी शुद्ध बफरमध्ये आणा. स्वस्त ग्लुकोज ऑक्सिडेजमध्ये कॅटॅलेजची भेसळ असते आणि ते आपल्याला मोजायचे पेरॉक्साइडच फोडून टाकते, हेही ध्यानात ठेवा.

३. इलेक्ट्रोड स्वच्छ करा आणि त्याचा पुरावा घ्या

जाड पुडीपासून बारीक पुडीपर्यंत क्रमाने, इंग्रजी आठच्या आकारात, हलका आणि सारखा दाब देत इलेक्ट्रोड घासा. प्रत्येक पुडीनंतर शुद्ध पाण्याने धुवा आणि शेवटी मिनिटभर ध्वनिलहरींच्या पात्रात ठेवा. त्याहून जास्त वेळ ठेवण्यात फायदा नाही. इलेक्ट्रोड आणि भोवतीचे प्लॅस्टिक यांच्यामधील सांधा सैल झाला की तिथे द्रावण शिरते आणि पार्श्वप्रवाह (सब्सट्रेट नसतानाही वाहणारा मूळ प्रवाह) कायमचा वाढतो. सोन्याच्या इलेक्ट्रोडसाठी यानंतर ०.५ मोलर सल्फ्युरिक आम्लात, एकामागून एक आलेख तंतोतंत जुळेपर्यंत, विभवाची आवर्तने द्यावीत. सोन्याच्या ऑक्साइडचे क्षपण होताना जो विद्युतभार मिळतो त्याला दर चौरस सेंटिमीटरला ३९० मायक्रोकुलोंब या मूल्याने भागले की पृष्ठभागाचे खरे क्षेत्रफळ निघते.

ग्लासी कार्बन स्वच्छ झाला की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ५ मिलिमोलर फेरिसायनाइड आणि १ मोलर पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात सायक्लिक व्होल्टामेट्री करा, म्हणजे विभव पुढे-मागे बदलत प्रवाहाचा आलेख घ्या. दोन शिखरांमधील अंतर सैद्धांतिकदृष्ट्या ५९ मिलिव्होल्ट असते, आणि प्रत्यक्षात ते ८० मिलिव्होल्टच्या आत आले तर पुढे जावे. सेकंदाला १०० मिलिव्होल्ट वेगाने ३ मिलिमीटरच्या इलेक्ट्रोडवर शिखराचा प्रवाह सुमारे ८० मायक्रोॲम्पिअर यायला हवा. प्रवाह याच्या निम्मा येत असेल तर पृष्ठभागाचा काही भाग झाकलेला आहे, आणि पुन्हा घासण्यावाचून इलाज नाही. हा आलेख जपून ठेवा, कारण एन्झाइम बसवल्यानंतर तोच प्रयोग पुन्हा करायचा असतो आणि त्या वेळी शिखरे खाली बसून एकमेकांपासून दूर गेली तर थर खरोखर चढला आहे असे कळते. मात्र थर चढला म्हणजे एन्झाइम क्रियाशील आहे असे नव्हे.

४. एन्झाइम द्रावणात असतानाच तपासा

ही पायरी सगळे गाळतात, मीही गाळत असे. फ्रीजरमधून काढलेली बाटली खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर हवेतील ओलावा पुडीवर धरतो. द्रावण करताना जोराने हलवू नका, कारण फेसाच्या पृष्ठभागावर प्रथिनाची घडी उलगडते. लॅकेजची क्रियाशीलता एबीटीएस या रंगद्रव्याने ४२० नॅनोमीटरवर सहज मोजता येते, आणि ग्लुकोज ऑक्सिडेजसाठी हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज जोडीला घेऊन तसेच रंगाचे मापन करता येते. मिलिग्रॅममागे किती युनिट मिळाले हा आकडा नोंदवहीत लिहून ठेवा. नंतर इलेक्ट्रोड शांत राहिला तर दोष बाटलीत होता की बसवण्यात, याचे उत्तर या एका आकड्यात असते.

सब्सट्रेटची बाजूही पाहावी लागते. ग्लुकोज ऑक्सिडेज बीटा-ग्लुकोजवरच काम करते, आणि घन ग्लुकोज बहुधा अल्फा रूपात असते. पाण्यात दोन्ही रूपांचा समतोल साधल्यावर साधारण ६४ टक्के बीटा मिळते, पण त्याला काही तास लागतात. म्हणून ग्लुकोजचे द्रावण आदल्या दिवशी करून ठेवावे. सकाळी केलेल्या द्रावणाने सकाळी आणि संध्याकाळी वेगवेगळी संवेदनशीलता मिळाली, तर कारण बहुतेक हेच असते.

५. बसवण्याची पद्धत निवडा

अ) नुसते अधिशोषण. थेंब टाका, अर्धा तास थांबा, धुवा. कार्बन नॅनोट्यूबच्या थरावर लॅकेज किंवा बिलिरुबिन ऑक्सिडेज बसवायला ही पद्धत पुरते, आणि नॅनोट्यूबवर पायरीन किंवा अँथ्रॅसीनसारखे सुगंधी गट आधी बसवलेले असतील तर आणखी चांगली चालते, कारण अँथ्रॅसीनसारखे गट लॅकेजच्या तांब्याजवळच्या पाणी नाकारणाऱ्या खोबणीत शिरून एन्झाइमचे तोंड योग्य दिशेला वळवतात. सपाट प्लॅटिनमवर किंवा ग्लासी कार्बनवर मात्र नुसत्या अधिशोषणावर विसंबू नका. सुरुवातीला सांगितलेली माझी फजिती याच पद्धतीची होती.

आ) ग्लुटराल्डिहाइडने जाळे विणणे. पहिल्या इलेक्ट्रोडसाठी मी हीच पद्धत सुचवतो. फॉस्फेट बफरमध्ये मिलिलिटरला १० मिलिग्रॅम ग्लुकोज ऑक्सिडेज आणि ४० मिलिग्रॅम अल्ब्युमिन घ्या, त्यात शेवटी ०.५ टक्का ग्लुटराल्डिहाइड होईल असे मिसळा, लगेच ३ ते ५ मायक्रोलिटरचा थेंब इलेक्ट्रोडवर ठेवा आणि झाकणाखाली सावकाश घट्ट होऊ द्या. ग्लुटराल्डिहाइड प्रथिनातील लायसिनच्या अमिनो गटांना एकमेकांशी जोडते. अल्ब्युमिन घालण्याचे कारण असे की जोडकामाचा बराचसा मार ते स्वतःवर घेते आणि एन्झाइमला थोडी मोकळीक मिळते. ग्लुटराल्डिहाइड वाढवले की थर टिकाऊ होतो पण एन्झाइम आखडते, आणि कमी केले की संवेदनशीलता वाढते पण थर धुऊन जातो. हा समतोल प्रत्येक एन्झाइमसाठी वेगळा असतो, म्हणून किमान चार वेगवेगळ्या तीव्रतांचे इलेक्ट्रोड एकाच दिवशी, एकाच द्रावणातून करून पाहावेत. मिश्रण केल्यावर चहाला गेलात तर परत येईपर्यंत पिपेटच्या टोकात जेल झालेले असेल.

येथे थोडे गणित करून पाहण्यासारखे आहे. वरील द्रावणाच्या ५ मायक्रोलिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम एन्झाइम असते, आणि ३ मिलिमीटर इलेक्ट्रोडचे क्षेत्रफळ ०.०७ चौरस सेंटिमीटर आहे. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ७०० मायक्रोग्रॅम झाले. ग्लुकोज ऑक्सिडेजचा एकच रेणूभर जाडीचा थर एक मायक्रोग्रॅमहून कमी असतो. आपण हजाराच्या घरात थर चढवत आहोत, आणि ग्लुकोजला त्यांतून झिरपत खाली जायचे आहे. म्हणूनच प्रवाह कमी आला की एन्झाइम वाढवावे ही पहिली प्रतिक्रिया बहुधा चुकीची ठरते. थर जाड होतो, प्रतिसाद मंदावतो आणि प्रवाह फारसा वाढत नाही.

इ) सहसंयोजी जोड. सोन्यावर मर्कॅप्टोप्रोपिऑनिक आम्लाचा एकरेणवीय थर चढवायचा, त्याचे कार्बोक्सिल गट ईडीसी आणि एनएचएस या जोडकामाच्या रसायनांनी सक्रिय करायचे आणि त्यांवर एन्झाइमचे अमिनो गट जोडायचे. सक्रियीकरण पीएच ५ ते ६ च्या एमईएस बफरमध्ये करतात आणि एन्झाइम त्यानंतर ७ ते ७.५ ला घालतात. दोन्ही पायऱ्यांच्या मध्ये वेळ दवडू नका, कारण सक्रिय एस्टर (सक्रिय झालेला कार्बोक्सिल गट) पीएच ७ ला काही तास टिकते आणि ८.६ ला दहाएक मिनिटांतच निम्मे होते. ट्रिस, ग्लायसिन यांसारखे अमिनो गट असलेले बफर या संपूर्ण कृतीत वर्ज्य आहेत. शेवटी उरलेले सक्रिय गट इथेनॉलअमाइनने बंद करावेत. थर पातळ आणि नीटनेटका होतो, पण सपाट सोन्यावर एन्झाइम अगदी थोडे बसते, त्यामुळे प्रवाहही थोडाच मिळतो. इंधन घटासाठी सपाट सोने म्हणूनच कामाचे नाही.

ई) बहुवारिकात अडकवणे. १९६७ मध्ये अपडाइक आणि हिक्स यांनी ग्लुकोज ऑक्सिडेज पॉलिॲक्रिलअमाइडच्या जेलमध्ये अडकवून ऑक्सिजन इलेक्ट्रोडवर बसवले होते. आज कायटोसान आणि नॅफिऑन ही बहुवारिके जास्त वापरली जातात. कायटोसान सौम्य ॲसिटिक आम्लातच विरघळते, म्हणून एन्झाइम घालण्यापूर्वी द्रावणाचा पीएच ५.५ च्या आसपास आणावा. त्याहून फार वर नेला तर कायटोसान खाली बसते. नॅफिऑन तीव्र आम्लधर्मी असते. बाटलीतील द्रावण उदासीन न करता त्यात एन्झाइम मिसळले तर ते तिथेच मरते, आणि हे मी तीनदा केल्यावर मला समजले.

६. नियंत्रण इलेक्ट्रोड त्याच दिवशी करा

प्रत्येक खेपेला निदान तीन इलेक्ट्रोड जास्तीचे करा: एक कोरा, एक एन्झाइमऐवजी तेवढेच अल्ब्युमिन घातलेला, आणि एक उकळून निकामी केलेले एन्झाइम घातलेला. तिन्हींवर सब्सट्रेट टाकून जो प्रवाह मिळेल तो तुमच्या एन्झाइमचा नव्हे. या इलेक्ट्रोडांना वेळ जातो अशी तक्रार प्रत्येक नवा विद्यार्थी करतो, आणि परीक्षकाचा पहिला प्रश्न मात्र त्यांच्याविषयीच असतो.

७. सेन्सरचे मापन

विभव देऊन ढवळत्या बफरमध्ये पार्श्वप्रवाह स्थिर होईपर्यंत थांबा. नव्या थराला यासाठी अर्धा तासही लागू शकतो. मग ग्लुकोजचे छोटे छोटे भाग घालत जा आणि प्रत्येक वेळी प्रवाह सपाट झाल्यावरच पुढचा भाग घाला. आलेख सुरुवातीला सरळ जाईल आणि मग वाकेल. हे वाकणे नेहमी एन्झाइमच्या संपृक्ततेमुळेच असते असे नाही. हवेशी समतोल साधलेल्या पाण्यात २५ अंश सेल्सिअसला ऑक्सिजन जेमतेम ०.२६ मिलिमोलर असतो आणि रक्तातील ग्लुकोज सामान्यतः ४ ते ६ मिलिमोलर, त्यामुळे पेरॉक्साइडवर आधारलेल्या इलेक्ट्रोडमध्ये ऑक्सिजनच आधी संपतो. वरून ग्लुकोजचा वेग कमी करणारा पातळ पडदा चढवला की संवेदनशीलता घटते, पण सरळ रेषेची मर्यादा वाढते.

ॲस्कॉर्बिक आम्ल, यूरिक आम्ल आणि पॅरासिटामॉल हे तिघे ०.६ व्होल्टला स्वतःच ऑक्सिडाइझ होतात. सुमारे ०.१ मिलिमोलर ॲस्कॉर्बिक आम्ल टाकून प्रवाह किती उडी घेतो ते पाहा आणि तो आकडा न लपवता द्या.

८. जैवइंधन घट जोडताना

एन्झाइमवर चालणाऱ्या इंधन घटाचे काम १९६४ मध्ये याहिरो आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. तेव्हापासूनची मुख्य अडचण अशी की सेन्सरमध्ये एकच इलेक्ट्रोड सांभाळायचा असतो आणि येथे दोन (इंधनाकडून इलेक्ट्रॉन घेणारा ॲनोड आणि ऑक्सिजनला ते देणारा कॅथोड), तेही एकाच द्रावणात. ॲनोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज वापरले तर ते मध्यस्थाऐवजी ऑक्सिजनलाच इलेक्ट्रॉन देते, आणि तयार होणारे पेरॉक्साइड कॅथोडच्या एन्झाइमला इजा करते. ऑक्सिजनला न जुमानणारे एफएडी-ग्लुकोज डीहायड्रोजनेज (एफएडी हे त्यातील फ्लेविन) हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

कॅथोडची निवड पीएचवरून करा. बुरशीपासून मिळणारी लॅकेज आम्लधर्मी द्रावणात, पीएच ४ ते ५ ला चांगली चालतात आणि क्लोराइडने मंदावतात. बिलिरुबिन ऑक्सिडेज पीएच ७ ला आणि क्लोराइड असतानाही चालते. लॅकेजवर काम करताना संदर्भ इलेक्ट्रोडमधून पोटॅशियम क्लोराइड झिरपून तुमचेच एन्झाइम रोखत नाही ना, याची खात्री करा. दुहेरी सांध्याचा संदर्भ इलेक्ट्रोड घेतला की हा प्रश्न मिटतो.

आधी दोन्ही इलेक्ट्रोड स्वतंत्रपणे, संदर्भ इलेक्ट्रोडच्या साहाय्याने मोजा. दोघांपैकी कमजोर कोण हे कळल्याशिवाय घट जोडण्यात अर्थ नाही. मग शक्तीचा आलेख काढताना विभव सेकंदाला १ मिलिव्होल्ट किंवा त्याहून सावकाश बदला, किंवा वेगवेगळे रोधक जोडून प्रत्येकावर प्रवाह स्थिर होईपर्यंत थांबा. नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडमध्ये भार साठवण्याची क्षमता मोठी असते. घाईने घेतलेल्या आलेखात ती साठवलेली ऊर्जाच शक्ती म्हणून दिसते, आणि घट प्रत्यक्षात तितकी शक्ती काही मिनिटेही देऊ शकत नाही.

९. साठवण आणि टिकाऊपणा

पेरॉक्साइडवर चालणारे इलेक्ट्रोड ४ अंशांवर बफरमध्ये ठेवता येतात. कोरडे ठेवायचे असतील तर थरात ट्रेहॅलोज घातल्याने प्रथिन जास्त टिकते. टिकाऊपणा सांगताना नुसता प्रवाह तेवढाच राहिला असे लिहू नका. जाड थरात एन्झाइम गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते, त्यामुळे निम्मे मेले तरी प्रवाह झिरपण्याच्या वेगावर अडकलेला असल्याने हलत नाही, आणि मग एके दिवशी अचानक कोसळतो. कमी ग्लुकोजला मिळणारा प्रवाह आणि भरपूर ग्लुकोजला मिळणारा कमाल प्रवाह, दोन्ही दर आठवड्याला मोजा. ऱ्हास कमाल प्रवाहात आधी दिसतो.

इलेक्ट्रोड बाहेर काढल्यावर तो ज्या बफरमध्ये ठेवला होता ते फेकू नका. त्यात एक स्वच्छ, कोरा प्लॅटिनम इलेक्ट्रोड बुडवा, ०.६५ व्होल्ट द्या, प्रवाह स्थिर झाल्यावर ग्लुकोज टाका आणि दहा मिनिटे पाहा. प्रवाह हळूहळू चढत गेला तर एन्झाइम बफरमध्ये उतरले आहे, आणि पाचव्या टप्प्यातील ग्लुटराल्डिहाइडच्या तीव्रतेकडे परत जायचे आहे.